मिरचीचा हात

सुभद्राबाई कळमन्याच्या बाजारातून मिरचीचे देठ खुडून परतली, की चार वर्षांची नात धावत यायची अन् ही दोन्ही हात पाठीमागे लपवायची. तेल चोळून, ताकानं हात धुतल्यावरही नातीच्या गालाला कोपरच लावायची. "मिरचीच्या हातानं डोळे पुसू नाही वं," हे तिचं नेहमीचं. भिंतीला भिंत लागून आमची घरं, तिचं सगळं मला ऐकू यायचं. रडणं तेवढं कधी आलं नाही.

अन् रडण्यासारखं कमी होतं का? तिच्या एकुलत्या लेकीचा जावयानं जीव घेतला. नात, मयूरी, हिच्या पदरी आली. खटला उभा राहिला अन् मोहल्ल्यात एकच बोलणं, लटकवा त्याला. बायकांनी अर्ज केला. केला म्हणजे लिहिला मीच. शाळा चौथीपर्यंतच, पण लिहून लिहून अक्षर वळणदार झालं होतं ना! 'फाशी' शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. पहिली जागा सुभद्राबाईसाठी मोकळी ठेवून खाली आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. तिला विचारलंच नाही. आईला काय विचारायचं?

तिनं कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"काहून वं? तुहीच पोरगी होती ना!" शेजारची इंदू कडाडली.

"म्हणूनच. उद्या मयूरी विचारन, माह्या मायले काहून मारलं? मले मालूम नाही. ज्याले मालूम आहे, त्याले तुम्ही लटकवून राहिल्या."

"मंग माफ करतं का त्याले?"

"माफ? जलमभर सडू दे आत. पण जवाब द्याले जित्ता पायजे."

"पाहा बाई, जावयाचा पुळका!"

पहिली जागा मोकळी ठेवूनच अर्ज गेला. पुढे जन्मठेप झाली, तर त्याचाही दोष तिच्याच माथी. तिची बादली नळावर आली की बायका गप्प व्हायच्या. मीही व्हायचे. लाज वाटते, पण लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात धंतोलीच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला. शेवटी मयूरीनं तिचा हात आपल्या गालावर ठेवला, तर ती तो मागे ओढू लागली. वर्षभर मिरचीला शिवली नव्हती बिचारी.

परवा मयूरी आली. वीस वर्षांची झाली आता.

"आजी, जेलात भेटीची परवानगी मिळाली. एकच गोष्ट विचाराची आहे त्याले. पण एकटीनं पाय उचलून नाही राहिला. चलता का?"

अर्जावर त्या मोकळ्या जागेखाली पहिली सही माझी होती. मी चपला शोधू लागले.