टाचणवहीतला तुघलक

फजिती कोणाची होत नाही? पण आपली फजिती आठवडाभर आधी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून, समास आखून, खाली मुख्याध्यापकांची सही घेऊन मग ती पार पाडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल पाहिला तर आत्ता नीट बघून घ्या. चहा निवला तरी चालेल.

मी नुकताच बी.एड. होऊन छावणी भागातल्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो होतो. सातवी आणि आठवी. नेमणूक तात्पुरती, दोन वर्षांची. ती संपताना मुख्याध्यापक माझा अहवाल लिहिणार, आणि त्यावरून मी कायम होणार की गाठोडं बांधून आपल्या गावी, कन्नडला परत जाणार ते ठरणार. दुसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी उजाडला होता. शहाणा माणूस अशा वेळी काय करतो? मान खाली घालतो. मी काय केलं? क्रांती!

क्रांतीचं कारण होतं टाचण. पुढच्या आठवड्यात कोणत्या तासाला काय शिकवणार, कसं शिकवणार, साहित्य कोणतं वापरणार, हे प्रत्येक मास्तरनं शनिवारी एका वहीत लिहायचं आणि सोमवारी मुख्याध्यापकांनी त्यावर लाल शाईनं सही करायची. धड्याचा नकाशाच म्हणा ना! निदान बी.एड.ला मला असंच शिकवलं होतं आणि मी, वेडा, ते खरं मानून आलो होतो.

शाळेत बघतो तर काय, सगळे जण गेल्या वर्षीची वही उघडून यंदाच्या वहीत उतरवत बसलेले! गेल्या वर्षीची वही त्याच्या आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरलेली. एका सरांच्या वहीत तर अशोकाच्या धड्याला साहित्य म्हणून 'लंबक व स्टँड' लिहिलं होतं. घाईघाईत त्यांनी विज्ञानाच्या सरांची वही ओढली होती!

आणि त्याखालीही सही! लाल, टपोरी, 'ढगे'.

ढगे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. बुटके, शांत, पांढराशुभ्र सदरा. बोलणं इतकं कमी की एखाद्या दिवशी शाळा सुटेपर्यंत 'बरं' आणि 'व्हय' एवढे दोनच शब्द खर्च व्हायचे. माझी खात्री पटली की हा माणूस वाचत नाही, नुसत्या सह्या ठोकतो. देशाच्या शिक्षणाचं वाटोळं इथंच, ह्या लाल शाईत झालंय!

आता हे सिद्ध करायला नको का?

पहिल्या आठवड्यात मी अरब व्यापाऱ्यांच्या धड्याला लिहिलं, 'साहित्य : नकाशा, खडू, उंट (एक)'. सोमवारी सही! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, जणू मलाच उंट मिळाला.

मग मी तोफ डागली. सातवी-आठवीचा एकत्र तास होता, गुरुवारचा. मी लिहिलं :

'घटक : तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला हलवलेली राजधानी. पद्धती : प्रत्यक्ष अनुभव. कृती : संपूर्ण शाळा बाके, फळे, घंटा व दप्तर यांसह पायी दौलताबादेस हलवणे आणि परत आणणे. भूमिका : सुलतान तुघलक, मा. मुख्याध्यापक. वेळ : एक तासिका.'

सोमवारी वही परत आली. सही!

मी ती वही शिक्षकखोलीत मिरवणुकीसारखी फिरवली. "बघा! शाळा दौलताबादला न्यायला मंजुरी! स्वतः तुघलक व्हायला मंजुरी! एक ओळ जरी वाचली असती तर..."

गणिताच्या नसीम बाई शाळेत सगळ्यांत जुन्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, इत्ता हँसो नक्को."

"का बाई?"

"मैं बारा साल से देख रही ना उनकू. ढगे सर का पेन बाद में चलता, आंखां पहले चलतीं."

"अहो, वाचलं असतं तर सही केली असती का?"

"वो तो गुरुवार कू मालूम पडेगा," म्हणाल्या आणि पुन्हा पेपर तपासू लागल्या.

मी हसण्यावारी नेलं. मंगळवार-बुधवार चुलतभावाच्या लग्नाची रजा होती, कन्नडला गेलो, जिलेब्या हाणल्या आणि वहीचा किस्सा मांडवात सांगून टाळ्याही घेतल्या.

गुरुवारी सकाळी एसटीतून उतरून थेट शाळेत आलो. फाटकाशीच पाय थबकले.

मैदानात सातवी आणि आठवी रांगेत उभी. शंभरावर पोरं. पुढं बैलगाडी. गाडीत चार बाकं, दोन फळे, हजेरीपटांची लोखंडी ट्रंक, आणि ट्रंकेवर खडूनं लिहिलेलं, 'शाही दफ्तर'. शिपाई रंगनाथमामा शिडीवर चढून शाळेची घंटा सोडवत होते! डोक्याला हिरवा फेटा.

"मामा, हे काय चाललंय?"

"राजधानी हलतीया," मामा शिडीवरूनच गरजले. "तुम्हीच तर लिव्हलंय म्हनं!"

तेवढ्यात ढगे सर आले. हातात माझी वही. उघडलेली.

"या मास्तर. लई चांगलं टाचण. फक्त थोडे बदल केलेत मी." वहीच्या समासात लाल शाईत बारीक अक्षरात मजकूर होता, मी सोमवारी सहीच्या खुशीत पानाच्या कडेला बघितलंच नव्हतं! "संपूर्ण शाळा न्यायची नाय. पाचवी-सहावीची लेकरं लहान हायत आन् दहावीची परीक्षा आलीय. दौलताबादपर्यंत पोरं चालायची नायत, म्हणून राजधानी वाटंतल्या पडेगावला नेली. पालकांच्या चिठ्ठ्या घेतल्यात. येळ तेवढी एक तासिका पुरायची नाय, अख्खा दिवस दिलाय."

मी वहीत डोकावलो. "आणि... आणि सर, तुघलक?"

"ते बी बदललं. योजना ज्याची, सुलतान तोच."

आणि त्यांनी काखेतली शेरवानी माझ्यापुढं धरली. त्यांच्या वडिलांची, निजामाच्या काळातली. तिच्यातून डांबरगोळ्यांचा असा भपका आला की पहिल्या रांगेतली दोन पोरं मागं सरकली. वडील सरांसारखेच बुटके असावेत. बाह्या माझ्या कोपरापाशीच थांबल्या आणि गळ्याचं बटण लागलं ते श्वासाच्या बोलीवर.

इथंच, मंडळी, इथंच मला सुटायची एक वाट होती. 'सर, चुकलो, ती थट्टा होती,' एवढं म्हणायचं होतं. पण सर पुढं म्हणाले, "अहवाल लिहायला घेतलाय तुमचा. असं काही घडलं की लिहायला बरं पडतंय." मग सांगा, कोण कबूल करेल?

"एकच इचारायचं ऱ्हायलं," सर वहीत बघत म्हणाले. "पाण्याचं काय केलंय? साहित्यात दिसलं नाय."

"केलंय सर!" मी छाती पुढं काढली. शेरवानीचं दुसरं बटण उडालं. "सगळी व्यवस्था आहे. पुढं."

"पुढं म्हंजे?"

"पडेगावला, सर. सांगून ठेवलंय."

कुणाला सांगून ठेवलं होतं? देवाला सुद्धा नाही!

"बरं," ढगे सर म्हणाले.

निघालो. पुढं रंगनाथमामा घंटा वाजवत, "होऽऽ, सुलतानाचा हुकूम! दिल्ली रिकामी करा!" मागं मी. माझ्या मागं प्रजा. छावणीच्या बाजारातून जाताना एका दुकानदारानं हात जोडून विचारलं, "लगीन कुनाचं हाय?" घोड्यावर का नाही, असं दुसऱ्यानं विचारलं.

पहिला अर्धा तास मजेत गेला. मीही रंगात आलो. रस्त्याच्या कडेला थांबून मोठ्या आवाजात म्हणालो, "बालमित्रांनो, विचार करा! एका माणसाच्या लहरीपायी हजारो लोक असेच निघाले होते!"

"व्हय सर," सातवीतली मंगल म्हणाली. ही मंगल म्हणजे प्रश्नांची पेटी. "पाणी कुठंय सर?"

"पुढं आहे."

ऊन चढलं. त्या रस्त्याला सावली म्हणजे एखाद्या बाभळीची, तीही बाभळीपुरतीच. बैल थांबू लागले. घंटेचा आवाज बारीक झाला. शेरवानीच्या आत मी उकडत होतो, तसा वास आणखी खुलत होता.

"सर, पुढं म्हंजे किती पुढं?"

"दिसेलच आता."

"तुघलक पण असंच म्हणायचा का सर?"

मी पावलं जरा झपाझप उचलली.

पडेगावच्या अलीकडं एका लिंबाखाली आठवीतली पोरं बसली ती बसलीच. सातवीनं लगेच अनुकरण केलं. मी म्हणालो, उठा. कोणी उठेना. मी म्हणालो, सुलतानाचा हुकूम आहे! मागून आवाज आला, "सुलतानालाच म्हणा पाणी आन!" आणि मग सगळ्यांचा एकच गिल्ला, "आम्ही दिल्लीला परत चाललो! दिल्लीला परत!"

रंगनाथमामांनी घंटा खाली ठेवली. "सायेब, मला बी दिल्लीलाच सोडा."

ढगे सर बैलगाडीच्या चाकाला टेकून उभे होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मास्तर, पडेगाव आलं की."

मी पळालो. खरंच सांगतो, शेरवानी वर धरून पळालो. शंभर पावलांवर एक मळा दिसला, मळ्यात विहीर, विहिरीवर एक म्हातारी. "मावशी, पोरांना पाणी पाहिजे! शंभर पोरं आहेत!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तमाशातला हायेस व्हय?"

"नाही हो, मास्तर आहे."

"आसं व्हय. लाइट गेलीया, मोटार बंद. त्यो पोहरा हाय आन् ही दोरी. शेंद."

आणि मी शेंदायला लागलो. शेरवानी घातलेला सुलतान, फेब्रुवारीचं ऊन, पन्नास हात खोल विहीर. पोरं ओंजळी धरून रांगेत. पोहऱ्यामागून पोहरा. दहाव्या पोहऱ्याला तळहात सोलले, विसाव्याला पाठीची शिवण उसवली. रंगनाथमामा मदतीला आले तर म्हातारीनं त्यांना बसवलं. "तुमी बसा दादा, घामाघूम झालाव. ह्यो तरना हाय, ह्याला वढू द्या." मग मला, "सोंग कुनाचं घेतलंयस रं बाबा?"

"तुघलकाचं."

"त्यो पानी शेंदायचा?"

"नाही... नसावा."

"मंग लोकांला घिऊन कशाला निगाला व्हता मेला?"

दोन वर्षांत मी ह्या धड्यावर इतका नेमका प्रश्न ऐकला नव्हता.

सगळी पोरं पाणी पिऊन झाली. शेवटचा पोहरा मी ढगे सरांच्या ओंजळीत ओतला आणि मला राहवेना. "सर, एक कबूल करायचंय. ते टाचण... मी थट्टेनं लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही वाचत नाही. आणि पाण्याची काहीच व्यवस्था नव्हती."

"ठावं हाय," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"उंटापासून. उंटाची बी चौकशी केली मी. मिळाला नाय."

मी विहिरीकडे बघितलं. उडी टाकावी का, असा विचार केला, पण परत वर काढायला पोहरा ओढणारा मीच होतो.

सर काठावर टेकले. बारा महिन्यांत बोलले नसतील एवढं एकदम बोलले. "मी सातवीत व्हतो तवा पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. सहामाहीपर्यंत जो इतिहास घोकला, त्यो वार्षिकाला आलाच नाय. मास्तर तोच, वर्ग तोच. पुस्तकातली पानं तेवढी एका दुपारी फाडायला लावली आमाला. तवापासून सवय लागली मला. उद्या लेकरांला काय शिकवणार, ते आदल्या दिवशी वाचल्याबिगर झोप येत नाय. आता ह्या शाळेत बारा वर्षं वाचतोय. बारा वर्षं तेच टाचण, तीच ओळ. लंबक सुदिक वाचला मी."

"मग सही का करता, सर?"

"बोललो तर दुसऱ्याचं उतरवतात, एवढाच फरक. तुमी थट्टेत का व्हईना, सोताचं लिव्हलं. म्हणलं, करून बघू." हात झटकत उठले. "चला सुलतान. राजधानी परत न्यायचीय. तुमच्याच टाचणात हाय."

परतीची वाट मी कशी चाललो ते विचारू नका. शाळेत पोचलो तर तिथं निराळाच गोंधळ. घंटा आम्ही नेलेली, म्हणून उरलेल्या वर्गांचा पहिला तासच अजून संपला नव्हता! नसीम बाई दहावीला सकाळपासून एकच प्रमेय शिकवत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आइये जहांपनाह."

तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं!

मार्चमध्ये चाचणी झाली. प्रश्नपत्रिका ढगे सरांनी काढली. तिसरा प्रश्न, चार गुण : 'तुघलकाची राजधानी हलवण्याची योजना का फसली?' मी पेपर तपासत बसलो. मंगलचा पेपर हाती आला. तिनं लिहिलं होतं :

'कारण सरांनी पाण्याची सोय केली नव्हती. विचारले तर पुढे आहे म्हणाले. पुढे काहीच नव्हते. सरांनी कोणाला न विचारता ठरवले म्हणून लोक दिल्लीला परत जायचे म्हणाले.'

आता तुम्हीच सांगा, ह्याला गुण कसे द्यायचे? मी मोठं, गोल शून्य दिलं. शेजारी लिहिलं, 'प्रश्न तुघलकाविषयी आहे.'

दोन दिवसांनी सरांनी सातवीचा गठ्ठा मागवला. माझ्या अहवालासोबत नमुना म्हणून एक उत्तरपत्रिका संस्थेकडे पाठवायची होती. कोणती काढली असेल? शंका आहे का काही? माझं शून्य लाल शाईनं खोडून तिथं चार लिहिले होते आणि समासात बारीक अक्षरात शेरा होता, 'पूर्ण गुण द्यावेत. विद्यार्थिनी प्रत्यक्षदर्शी आहे.'

मी कायम झालो. संस्थेनं अहवाल मान्य केला आणि सगळे कागद रीतसर माझ्या सेवापुस्तकाला जोडले, मंगलच्या उत्तरपत्रिकेसकट. माझ्या नोकरीचा एकमेव लेखी पुरावा असा, की ह्या माणसानं शंभर लेकरं उन्हात तहानलेली चालवली आणि वर खोटं बोलला. निवृत्तीपर्यंत तो कागद तिथून हलायचा नाही.

आणि मी आत्ता कुठं सव्वीस वर्षांचा आहे!