बिनतंबाखूच्या सिगारेटी

आमच्या घरात कोणी सिगारेट ओढत नसे, पण मी सिगारेटी बनवून विकायचे. बोरिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर जुन्या चादरी पसरायच्या, त्यांवर तुळस, पुदिना, गुलाबाच्या पाकळ्या वाळत घालायच्या. ज्येष्ठमध कुटून चाळून घ्यायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मी काढ्याचं सामान विकते. खरं कळल्यावर त्यांनी आपले पापड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेले.

या सिगारेटी शूटिंगसाठी असत. मी मालिकांच्या कपडेपटात काम करत होते. मढच्या बंगल्यांत आमचं शूटिंग चालायचं आणि तिथे मी पाहायचे, सिगारेट न ओढणाऱ्या नटाला एका दृश्यासाठी ती पुन्हा पुन्हा पेटवावी लागते. एक जण तर खोकून खोकून व्हॅनमध्ये जाऊन पडला होता. बाजारात झाडपाल्याच्या सिगारेटी मिळतात, त्यांना परवानगीही आहे, पण त्या महाग, आणि त्यांत नक्की काय असतं ते सांगायला कोणी तयार नसतं. म्हणून आपणच करू, असं माझ्या मैत्रिणीला मी म्हटलं.

ही मैत्रीण माझी पार्ल्याच्या कॉलेजातली. एकाच बाकावर बसायचो. पुढे ती शूटिंगला लागणारं सामान पुरवायच्या धंद्यात गेली, आणि मला कपडेपटात तिनेच चिकटवलं. बोलायला एकदम झकास. रागावलेल्या दिग्दर्शकालाही दोन मिनिटांत हसवायची. आम्ही काम वाटून घेतलं. मिश्रण मी करायचं. ते पोत्यात भरून अंधेरीला तिच्या गाळ्यावर पाठवायचं. तिथे मशीनवर सिगारेटी भरून, पाकिटं करून ती सेटवर पोचवायची. पाकिटावर 'तंबाखू नाही, नशा नाही' एवढंच लिहायचं, हा हट्ट माझा.

हट्टाला कारण होतं. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांच्या डाव्या तळहातावर तंबाखू सतत मळली जात असे. शेवटी तोंडाच्या कॅन्सरने गेले. दवाखान्यातल्या त्या दिवसांत माझ्याबरोबर ही मैत्रीणच होती. डबा आणायची, रांगेत उभी राहायची, मला झोप यावी म्हणून बाबांच्या उशाशी स्वतः बसायची. बोलणं बंद झालं तेव्हा बाबा पाटीवर लिहीत, ते तिला माझ्याआधी वाचता यायचं.

झाडपाला आहे म्हणजे निरुपद्रवी, असं मी कधीच मानलं नाही. मालवणकडे आमच्या आजोबांना दमा होता आणि कोणीतरी सांगितलं म्हणून ते धोतऱ्याचा पाला विडीत घालून ओढायचे. एका संध्याकाळी त्यांना स्वतःच्या घराचं दार ओळखता येईना. अंगणात उभे राहून ते कधीच वारलेल्या भावाशी बोलत होते, आणि आजी त्यांचा हात धरून रडत होती. ही गोष्ट मी मैत्रिणीला मुद्दाम सांगितली, कारण धंदा सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी ती म्हणायला लागली, "लोक विचारतात गं, यात काही चढतं का? निळं कमळ घालू या ना थोडं, त्याने हलकी नशा येते. आणखी पण काय काय मिळतं. सगळं कायद्यात बसतं, यार."

"कायद्यात बसतं, पण मला बसत नाही," मी म्हटलं. "धूर तो धूरच, त्याचा त्रास व्हायचा तो होणारच. वर नशा कशाला?"

"बरं बाई, तू म्हणशील तसं," ती म्हणाली, आणि मला वाटलं विषय मिटला.

त्याच सुमारास एका मालिकेत मुलुंडचे एक ज्येष्ठ नट कडक सासऱ्याची भूमिका करू लागले. त्या सासऱ्याच्या हातात कायम सिगारेट हवी होती. यांची बायपास झालेली. त्याआधी ते भरपूर ओढत आणि मोठ्या कष्टाने त्यांनी सोडली होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्या कोटाची बटणं लावत होते, तेव्हा त्यांनी पाकीट हातात घेऊन मला विचारलं, "पोरी, यात तंबाखूचा कणही नाही ना? घरी हिला मी शब्द दिलाय."

"नाही, काका. मी स्वतः करते," मी म्हटलं. "पण धूर छातीत घेऊ नका. नुसता तोंडात धरा आणि सोडा."

सुरुवातीला ते तोंड वाकडं करायचे. गवत जाळल्यासारखं लागतं म्हणायचे. मग हळूहळू त्यांची तक्रार थांबली. एक दिवस म्हणाले, "आता तुला जमलंय बघ. हिला चव आली." पुढेपुढे दृश्य संपलं तरी ते सिगारेट विझवत नसत, बागेत जाऊन उरलेली संपवत. एखादं पाकीट घरीही नेऊ लागले. दृश्य चालू असताना मी कपड्यांच्या खोलीतच असायचे, त्यांचा धूर माझ्यापर्यंत पोचत नसे. मला कौतुक वाटलं. ज्येष्ठमध थोडं वाढवलं होतं, त्याचाच हा गुण असणार, असं मी धरून चालले. मैत्रिणीला सांगितलं तर ती हसली. "बघ, म्हटलं नव्हतं तुला?"

मग एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. कसल्याशा तपासणीत त्यांच्या रक्तात तंबाखूचा अंश सापडला होता. डॉक्टर चिडले होते, आणि पत्नी सकाळपासून त्यांच्याशी बोलत नव्हती, कारण हे चोरून ओढतात अशी तिची खात्री झाली होती.

"तू काय घालतेस त्यात?" त्यांनी विचारलं.

"काका, तुळस, पुदिना…"

"तुझ्या मैत्रिणीला विचारलं मी आधी. ती म्हणाली, मिश्रण सगळं तुझं असतं, ती फक्त भरते. तेव्हा तूच सांग."

फोन ठेवून मी कपाटातलं एक पाकीट काढलं. सेटवर उरलेलं मी घरी आणलं होतं, कधी उघडलं नव्हतं. आपल्याच मालात काय बघायचं? सिगारेट ब्लेडने उभी चिरली आणि ताटलीत सांडली. तुळशीच्या चुऱ्यात तांबूस, बारीक चिरलेले धागे होते. थोडे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले, आणि नाकाशी न्यायच्या आधीच वास आला. त्या वासासाठी मला कुठल्याही तपासणीची गरज नव्हती.

तशीच रिक्षा करून अंधेरीला गेले. मैत्रीण गाळ्यात खुर्चीवर बसून चहा पीत होती. मी ताटलीतला चुरा पुडीत बांधून नेला होता, तो तिच्यापुढे उघडला. तिने नाकारलं असतं तर मी कदाचित तिच्यावर विश्वासही ठेवला असता. पण ती म्हणाली, "थोडीच असते गं. धूर पातळ यायचा, कॅमेऱ्यात दिसायचा नाही. तक्रारी मला ऐकायला लागायच्या, तुला नाही."

"कधीपासून?"

"झाले असतील काही महिने. सगळ्यांना आवडली ना? तूच नाचत आलीस सांगायला."

"त्यांची बायपास झालीय. तुला माहीत होतं."

"मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"आणि माझं नाव सांगितलंस."

यावर तिने कप खाली ठेवला. "घाबरले मी. पटकन तोंडातून गेलं. तू समजावशील त्यांना असं वाटलं. तुझ्यावर चिडणार नाहीत ते."

मला ओरडायचं होतं, पण समोर मला बाबांची पाटी दिसत होती आणि तिच्यावर मान वाकवून वाचणारी ही. तंबाखू म्हणजे आमच्या घरात काय, हे जगात दुसऱ्या कोणाला नसेल एवढं हिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू बाबांजवळ बसायचीस." मी गाळ्यातून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेले. दार काकांच्या पत्नीने उघडलं. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पुडीही दाखवली. काका खोटं बोललेले नाहीत हे कळल्यावर त्या माऊलीचा चेहरा उतरला आणि त्या आत निघून गेल्या. काका म्हणाले, "तू केलं नाहीस, हे पटलं मला. पण शब्द तू दिला होतास." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आता मला परत लागते गं. सकाळी उठल्यापासून लागते."

ज्या ज्या सेटवर आमचा माल जात होता तिथे मी फोन करून त्यातल्या तंबाखूचं सांगितलं. एक प्रॉडक्शनवाला म्हणाला, "मॅडम, ते आम्हाला माहीत होतं. वास येतोच ना. आम्हाला वाटलं, तुम्हीच घालता." दुसऱ्याने पुढचा माल कधी येणार एवढंच विचारलं. फोन ठेवून मी गच्चीवर गेले आणि वाळत घातलेलं सगळं कचऱ्यात टाकलं.

काकांनी निर्मात्याला सांगून सासऱ्याच्या हातातली सिगारेट काढायला लावली. आता तो काठी आपटत बोलतो. काकांची स्वतःची सवय मात्र पुन्हा सुटायला फार वेळ लागला, मधे दोनदा ते घसरले, असं त्यांच्या पत्नीकडून कळलं. आता माझ्याशी त्याच बोलतात. काका सेटवर भेटले की मान हलवतात आणि आपले कपडे स्वतः चढवतात.

मैत्रीण धंद्यात आहेच. नव्या नावाने ऑनलाइन विकते. पाकिटावर निळं कमळ आहे आणि मन हलकं होईल असं काहीतरी लिहिलंय. मध्यंतरी मढला एका सेटवर समोर आली. मी एका नटीच्या साडीला इस्त्री करत होते. जवळ येऊन तिने विचारलं, "अजून रागावलीयस?"

मी इस्त्री उभी करून ठेवली. राग असता तर बरं झालं असतं, तिला दोन शब्द सुनावता आले असते. "साडी लागणार आहे शॉटला," मी म्हटलं. "जरा बाजूला हो."

ती बाजूला झाली.