आमच्यात ‘न्हाई’ म्हनतात

उषाबाईंनी पहिल्याच दिवशी मला तपासून घेतलं. “तुमीच का त्या बोलायला शिकवनाऱ्या? लई लहान दिसता.” मी बत्तीस वर्षांची होते, जालन्याहून आठवड्यातून दोनदा भोकरदनच्या केंद्रात येत होते, आणि मुलांच्या वाचा-उपचाराचा सहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्या “बरं” म्हणाल्या, पण पटलेलं काही दिसलं नाही.

त्यांची नात प्रियदर्शनी साडेचार वर्षांची. ऐकू नीट यायचं, सांगितलेलं कळायचं, पण तोंडातून एक शब्द नाही. बोटांना ओलं-चिकट काही लागलं की अंग चोरायची. तिची आई सुरेखा धाकट्या बाळात अडकलेली, म्हणून हसनाबादहून बसने आजीच तिला घेऊन यायच्या. घरात उषाबाईंचाच शब्द चालायचा. त्यांचे यजमान रखमाजी गावात चार लोकांना सल्ले द्यायचे, पण घरी भाजी कोणती करायची हेही त्यांना कुणी विचारत नसे.

“तिला काय पायजे ते मला बराबर कळतं,” उषाबाई कौतुकाने सांगायच्या. भुवई उचलली की पाणी, पाय घासला की अंगण.

“आजी, तुम्हाला सगळं कळतं म्हणूनच तिला बोलायची गरज पडत नाही,” मी म्हणाले. “जरा थांबत जा. तिला मागू द्या.”

त्या भडकल्या. “तान्हेलं लेकरू ताटकळत ठिवू? कसाई हाय का मी?” पण पुढच्या मंगळवारी पाहते तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेल्या. त्याशिवाय त्यांना थांबताच येत नव्हतं.

आता माझं सांगते. दिवाळी झाल्यावरची गोष्ट. ओल्या-चिकटाची भीती जावी म्हणून मी ओली माती घेऊन बसले होते. ती प्रियदर्शनीच्या तळव्याजवळ नेली तशी तिने हात मागे ओढला आणि म्हणाली, “हाई.”

मला काय आनंद झाला! आणि आनंदाच्या भरात मी शाळेतली बाई झाले. ‘नाही’ लिहिलेल्या चित्राच्या कार्डावर बोट ठेवून म्हटलं, “ना-ही. म्हण, ना-ही.” ती पुन्हा म्हणाली, “हाई.” मी पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा सुधारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, गप्प झाली आणि आपला हात आपणच मातीत घातला. डोळे मिटून. मी वहीत लिहिलं, ‘मातीला स्पर्श केला, चांगली प्रगती.’

“मॅडम, आधी पोरीचा हात काढा त्यातून,” उषाबाई उठल्याच. पदराने तो हात पुसता पुसता म्हणाल्या, “ती न्हाई म्हनून राह्यली व्हती. आमच्यात न्हाई म्हनतात. तुमच्यावानी ना-ही आमच्या घरात कोन म्हनतं? तिनं कुठून शिकावं? आन् म्हनली त म्हनली, तुमी आयकलंच न्हाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडेचार वर्षांनी पोरीने पहिला शब्द उच्चारला, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईने तो नापास केला. त्यानंतर तीन आठवडे तिच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही. तो शब्द माझ्या हातून कायमचा गेला की काय, या भीतीने मला जेवण गोड लागेना.

दुसरी कुणी असती तर केंद्राकडे फिरकली नसती. उषाबाई मात्र मंगळवार-शुक्रवार हजर. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “मंग काय, मानूस हाय, चुकतं. आता काय करायचं ते सांगा.” आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मी कार्डावरचं ‘नाही’ पेनने खोडून ‘न्हाई’ लिहिलं. त्यांनी घरात फर्मान काढलं: पोरीनं तोंड फिरवलं की समोरच्यानं हात मागं घ्यायचा, आणि “न्हाई? बरं, न्हाई” असं मोठ्यानं म्हणायचं. यातून रखमाजीही सुटले नाहीत. मातीच्या जागी उषाबाईंनी कापूस आणला. कोरडा, मऊ. त्यातली सरकी एकेक करून काढताना प्रियदर्शनीची बोटं निवांत चालू लागली.

मार्गशीर्षातला शुक्रवार. बाहेर बोचरं वारं होतं. तास संपला. बसची वेळ झालेली, म्हणून उषाबाईंनी घाईघाईने रुमाल काढला आणि नातीच्या कानांवरून बांधायला घेतला. प्रियदर्शनीने मान मागे घेतली.

“न्हाई.”

स्वच्छ, ठसठशीत, हसनाबादचं. उषाबाईंचे हात हवेतच राहिले. मी श्वास रोखून होते, कारण आता आपण एक अक्षरही बोलायचं नाही, एवढी अक्कल मला आली होती.

“न्हाई?” त्या हळूच म्हणाल्या. “बरं बाई. न्हाई.” मग मटकन खाली बसल्या, हसल्या आणि रडू लागल्या. “मॅडम, मला म्हनली वो! घरात मला न्हाई म्हनायची कुनाची छाती न्हाई, आन् ही म्हनली!”

मी त्यांना पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, “चौदाव्या वर्षी माझं लगीन ठरवलं. बापानं समोर बसवून इचारलं बी, पसंत हाय का म्हनून. मला म्हनायचं व्हतं, न्हाई. तोंडच उघडलं न्हाई.”

त्या क्षणी मला या बाईंचे पाय धरावेसे वाटले, आणि मी खरंच वाकले. “उठा, उठा, बस जाईल,” म्हणत त्यांनी मला उठवलं. माझ्या कामातलं जे सर्वांत मोठं आहे ते मला कॉलेजात मिळालं नाही, या बाईंकडून मिळालं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दोघी निघाल्या. फाटकाशी वाऱ्याने पोरीचे कान लालबुंद झालेले दिसत होते. “आजी, रुमाल!” मी न राहवून ओरडले.

उषाबाईंनी रुमाल पिशवीत आणखी खाली दाबला. “गार लागलं तर मागंल तिची ती,” त्या म्हणाल्या. “मी बिलकुल बांधनार न्हाई.”