झाकणावरचा कागद

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. सायखेड्याजवळच्या मळ्यातून रोज एसटीने नाशिकला यायचे. हे मी आजही कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे जे सांगणार आहे, त्याची मात्र लाज वाटते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी टेस्टिंगला लागले. तिथे अॅम्प्लिफायर बनत. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे पाणी मागायचं, मग विचारायचं, मिस्त्री कुठे आहे. मी पाणी द्यायचे आणि सांगायचे, मीच.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी कॉलेजात होते तेव्हा वडिलांबरोबर मळा त्यानेच ओढला. पहाटे झेंडू-शेवंती टेम्पोत भरून फूलबाजारात न्यायची, आणि लग्नसराईत त्याच टेम्पोवर साउंड लावायचा. आठ स्पीकर त्याने एकेक करत जमवले होते. त्या आठांना पुरेल असं एकच मशीन त्याला हवं होतं. वर्कशॉपचे मालक म्हणाले, घरचं काम आहे तर तूच कर.

मी चार चॅनलचा अॅम्प्लिफायर केला. एकेका चॅनलवर दोन स्पीकर. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसतो आणि कॉइल जळते. म्हणून प्रत्येक चॅनलला वेगळा रिले, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच, बसवला. डीसी दिसला की तेवढंच चॅनल तुटणार, बाकीची तीन वाजत राहणार. उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला पंखा दिला आणि त्यावर थर्मल स्विच लावला. मशीन फार तापलं की चारही चॅनल बंद, निवलं की आपोआप चालू. दादाचा एकही स्पीकर जळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बटण दाबलं की तीन सेकंद काहीच व्हायचं नाही. मग चार रिले टकटक करत लागायचे आणि चार हिरवे दिवे पेटायचे. दादाला याचं भारी कौतुक. मांडवातल्या लोकांना सांगायचा, "थांबा, बहिणीचं मशीन हाय. आधी इचार करतं, मंग वाजतं."

झाकणावर मी एक कागद चिकटवला होता. टायपिंगच्या क्लासात जाऊन स्वतः टाइप केलेल्या सहा सूचना, सगळ्या इंग्रजीत. त्या मशीनवर माझी तेवढीच एक सही होती असं म्हणा. दादाने विचारलं, काय लिहिलंय गं यावर?

"ते टेक्निकल आहे दादा. तुझ्या कामाचं नाही."

त्याला राग आला नाही. मार्चमध्ये पाहिलं तर त्याने कागदावर प्लास्टिक लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. माझ्या कागदाचा मान ठेवला, असं मला वाटलं.

थंडीतली लग्नं छान गेली होती. एप्रिलमध्ये नांदगावला, ऐन दुपारी, नवरदेव मारुतीच्या पाराजवळ असताना मशीन गप्प झालं. चारही दिवे लाल. वीस मिनिटांनी सुरू झालं, दोन गाणी वाजवून पुन्हा बंद. वरातीत कुणीतरी म्हणालं, याच्यापेक्षा आमचा मामा जोरात शिट्टी मारतो. मग वरात मामाच्या शिट्टीवरच नाचत गेली, आणि दादा मागून मुका टेम्पो चालवत.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन वर्कशॉपमध्ये आला. मी दोन तास टेबलावर चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, मशीन बरोबर आहे, चूक वाजवणाऱ्याची आहे. कसली चूक, त्याने विचारलं. मला ती माहीत नव्हती. तरी म्हणाले, ती तू शोध. मालकांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की एखाद्या लग्नाला जाऊन बघून ये. मी गेले नाही. टेम्पोच्या मागे उभं राहण्यासाठी मी शिकले नव्हते.

असं आणखी दोनदा झालं. तिसऱ्यांदा दादा माझ्याकडे आलाच नाही. नांदगावच्या एका मेकॅनिकने थर्मल स्विच तोडला आणि चारही रिलेंवरून सरळ वायरी टाकून दिल्या. आता मशीन कशानेच बंद पडणार नव्हतं.

मे महिन्यात गावातच एका हळदीला ते पडलंही नाही बंद. दुपारी एक चॅनल गेलं. बाकी तिन्हींवर गाणं चालू राहिलं, म्हणून दादाने बटण बंद केलं नाही. मग दुसरं गेलं, मग तिसरं. स्पीकरच्या जाळीतून धूर यायला लागला तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं धुराची काही सोय केली आहे. सहा स्पीकर जळाले.

मशीन माझ्याकडे आलं. दादा समोर स्टुलावर बसला होता. मी झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत तागाचे तंतू गच्च भरले होते आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या वाळून बसल्या होत्या. ते तंतू मला ओळखू येणार नाहीत तर कुणाला? उन्हाळ्यात फुलं बाजारात नेताना आम्ही वरून ओलं गोणपाट टाकतो. लहानपणी ते भिजवायचं काम माझंच होतं.

"दादा, यावर गोणपाट टाकायचास?"

"वलं करून," तो म्हणाला. "तापू नाय म्हणून. तासातासाला पाणी मारायचो. तुझा कागद भिजंल म्हणून तर पलास्टिक लावलं."

विजेच्या मशीनवर पाणी मारून हा माणूस जिवंत समोर बसला होता.

"काय लिव्हलं हाय त्याच्यावर?" त्याने विचारलं.

मी चौथी सूचना मराठीत सांगितली. "मशीन झाकू नका. हवा खेळू द्या."

त्याने प्लास्टिकवरून बोट फिरवलं.

"हे तर मला समजलं असतं," तो म्हणाला.

चार दिवस बसून मी मशीन दुरुस्त केलं. मेकॅनिकच्या वायरी काढल्या, नवे ट्रान्झिस्टर टाकले. बटण दाबलं. तीन सेकंदांनी चार रिले लागले, चार हिरवे दिवे पेटले. तोवर दादाने उरलेले दोन स्पीकर आणि रिकामी खोकी विकून टाकली होती. मशीन वर्कशॉपच्या माळ्यावर राहिलं, आणि वर्कशॉप बंद झालं तेव्हा भंगारात गेलं. कागद त्यावरच होता. प्लास्टिक शाबूत.

दादाने पुन्हा साउंड लावला नाही. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मळ्यात फवारणीचं औषध आणलं की खोक्यात इंग्रजी कागद असतो. तो कागद घेऊन दादा वस्तीवरच्या कृषी केंद्रवाल्याकडे जातो आणि वाचून घेतो. मी सुट्टीला आलेली असते, ओट्यावरच बसलेली असते. माझ्यासमोरून घडी घालून नेतो.