रेघेवरचा तोमो

तोमोनारीला कुणी चालताना पाहिलंच नाही, असं आमच्या बंदरात म्हणतात. साफ खोटं. माझ्या खानावळीच्या काचेतून मी त्याला वर्षानुवर्षं चालताना पाहिलंय, आणि इतका रेंगाळत चालणारा माणूस दुसरा नाही. धक्क्यावर मांजर दिसलं की तिथेच उभा. ढग दिसला की तिथेच. रामेनचा वाडगा पुढे ठेवावा, तर हा वाफेकडे बघत बसायचा आणि शेवया फुगून जायच्या.

"अरे ए, जेवतोयस की ध्यान लावलंयस?" मी ओरडायचे.

"आलोच, काकू," म्हणायचा. कुठून यायचा देव जाणे.

हाच मुलगा हातात चेंडू आला की असा पळायचा, की त्याला पाडायला आलेले दांडगे गडी एकमेकांवर आपटायचे. तो विंगर. रग्बीत विंगर म्हणजे अगदी कडेचा. बाकीचे मधे चिखलात गुरांसारखे झुंजत असतात आणि हा आपला चुन्याच्या रेघेजवळ एकटा. चेंडू घेऊन त्या रेघेला पाय लागला की बाद. कधीकधी अर्धा खेळ संपतो तरी चेंडू त्याच्याकडे फिरकत नाही. "इतका वेळ उभा राहून करतोस काय रे?" मी एकदा विचारलं.

"समुद्र ऐकतो."

"आणि चेंडू आला की?"

"मग काहीच ऐकू येत नाही, काकू. पाण्याखाली गेल्यासारखं होतं. सगळं हिरवं आणि गप्प."

अशा मुलाला पगार देऊन पळवणारे लोक जगात आहेत, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं, आजही वाटतं.

बंदराच्या बांधावर तो पळायला शिकला. दगड ओले, एका बाजूला पाणी. पाय चुकला की आत. ओसाकाच्या एका संघानं त्याला उचललं आणि त्याची ऐन उमेदीची वर्षं तिकडेच गेली. देशाच्या संघातही निवड झाली, एकदाच. आम्ही सगळे खानावळीत टीव्हीसमोर जमलो. त्याला शेवटी थोडा वेळ मैदानात उतरवलं. तेवढ्यात चेंडू काही त्याच्याकडे आला नाही. रेघेजवळ उभं राहून तो वर आभाळाकडे बघत असलेला मात्र एकदा दिसला आणि मी कपाळावर हात मारला. पुढे गुडघा दुखावला, वेग उतरला, तेव्हा ओसाकानं हात वर केले आणि आमच्या बंदराच्या संघानं त्याला परत बोलावलं. तो आला. घरी एकटे वडीलच उरले होते. आई, आमची सुमिए, तो ओसाकाला असतानाच गेली.

वडील म्हणजे गिसाकुदादा. स्वतःची होडी, आणि तोंड असं की शिंपला बरा, उकळला की उघडतो तरी.

आमच्याकडे होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा सगेसोयरे तिला बावटा देतात. लाल सूर्य, लाटा, होडीचं नाव. खोलीभर पसरेल एवढं कापड. होडी मासळीनं भरून आली की बांधापासूनच तो वर चढवायचा, म्हणजे धक्क्यावरच्या बायका टोपल्या घेऊन पळत सुटतात. आमचे लोक हेच बावटे रग्बीच्या मैदानात आणतात. संघ जिंको, हरो, बावटे नाचतातच.

गिसाकुदादांना ते बघवत नसे. दर सामन्याला ते बावटा घेऊन यायचे खरे, पण निळ्या कापडाच्या गाठोड्यात बांधून, मांडीवर ठेवून. गाठ काही सुटायची नाही.

"दादा, हवा तरी लागू द्या त्याला," बर्फाच्या कारखान्याचा तोकुरो टोमणा मारायचा. "आत मासळी आहे का, खराब व्हायला?"

"होडी भरली की उघडेन."

एकदा तोमोनं एकट्यानं तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन टेकवला, पण संघ हरला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. "मासळी धरली, पण होडी बुडाली," दादा म्हणाले आणि उठून गेले. पुढच्याच सामन्यात संघ जिंकला, तोमोच्या वाट्याला काही आलं नाही. "होडी आली, पोट रिकामं." असा माणूस! एकदा मी रागानं त्यांच्या सारात माशाचा तुकडाच घातला नाही. त्यांनी निमूट पिऊन टाकलं.

मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलल्या की तोमो कोळ्यांच्या बाकांसमोर खेळायला यायचा, आणि दर वेळी आधी एकदा त्या निळ्या गाठोड्याकडे बघून घ्यायचा. ते मला दिसायचं. सगळ्यांनाच दिसायचं. बाकी सगळे बावटे त्याच्यासाठी फडफडत असताना त्याला तो एकच हवा होता.

त्याच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी खानावळ बंद ठेवली. समुद्रावरून धुकं आलं होतं, मैदानाची पलीकडची बाजू दिसतही नव्हती. खेळाडू धुक्यातून निघत आणि धुक्यात जात. दादांनी गाठोड्याबरोबर या वेळी बांबूही आणला होता. मध्यंतरात त्यांनी गाठ सोडली, बावटा बांबूला बांधला, पण गुंडाळलेलाच ठेवला. तोकुरोनं मला कोपर मारलं. मी त्याला म्हटलं, "आज तरी गप्प बस."

आम्ही चार गुणांनी मागे होतो. एक ट्राय म्हणजे पाच. वेळ संपत आला होता आणि तोमो रेघेजवळ उभा, हात लोंबते, नजर बांधाच्या दिशेला. मला वाटलं, गेला हा ढगात. आणि धुक्यातून चेंडू आला.

मी पुष्कळ पळणं पाहिलंय, पण तसं नाही. गुडघा नव्हताच जणू. पहिला गडी नुसता हवेला कवटाळून पडला. दुसऱ्याला त्यानं रेघेच्या बाजूनं मागे टाकलं, बांधावर पळायचा तसंच, कडेकडेनं. पुढे कुणी नव्हतं. सगळं मैदान गप्प झालं, निदान मला तरी काही ऐकू येईना. आणि तेवढ्यात माझ्या शेजारी गिसाकुदादा उभे राहिले नि त्यांनी बावटा उलगडला.

केवढा तो लाल सूर्य! बाकीच्यांचे बावटे उन्हानं विटलेले, हा कालच रंगवलेला वाटावा असा. तोमोनं मान वळवली. फक्त मान. पण मान वळली तिकडेच पाय गेला आणि चुन्याच्या रेघेवर पडला.

कडेच्या पंचानं आपलं इवलंसं निशाण वर केलं. ट्राय हुकला. सामना गेला.

मासळी हाती यायच्या आधी बावटा उघडला की जाळं फाटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि ते केलं कुणी, तर गिसाकुदादांनी! लोक त्यांच्याकडे न बघताच पांगले. मी त्यांना हाताला धरून खानावळीत आणलं. बावटा त्यांनी बांबूवरून काढून छातीशी बोळा करून धरला होता. सार पुढे ठेवलं, त्याला हात लावेनात.

संध्याकाळी तोमो आला, केस ओले, रेंगाळत. वडिलांच्या समोर बसला.

"बाबा," तो म्हणाला, "थोडं थांबायचं होतं."

"थांबणारच होतो." दादांनी बोळा मांडीवर ठेवला. "तू त्या दुसऱ्याला मागे टाकलंस ना, तेव्हा होडी पाण्यात खोल बसलेली दिसली. भरलेली होडी लांबूनच कळते. हातानं ऐकलं नाही."

"हरलो पण."

"हरलास. मी पाहिलं ते पाहिलं."

तोमो हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. माझंही तेच झालं, मी कांदा हातात घेतला. मग त्यानं विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही हो उघडलात? एकदा तरी भरलीच असेल की होडी."

दादांनी मांडीवरच्या बोळ्याकडे पाहिलं. "भरली होती. पुष्कळदा. उघडायला काय, एकटा माणूस उघडेल. घडी घालायला दुसरं टोक कुणी धरायचं?"

मला एकदम सुमिए दिसली. धक्क्यावर दोघं बावटा ताणून धरायचे, जवळ यायचे, लांब जायचे. वाऱ्यानं कापड फुगलं की तिचं हसणं माझ्या चुलीपर्यंत यायचं. ती गेल्यापासून समुद्रावरही त्यांचा बावटा कुणी पाहिला नव्हता. मासळी कमी झाली म्हणून असेल, असं आम्ही समजत होतो. आम्ही सगळे मूर्ख, आणि टोमणे मारणारे वर.

तोमो उठला. मी बाकं भिंतीला लावली. त्यानं एक टोक घेतलं, दादांनी दुसरं, आणि तो लाल सूर्य माझ्या खानावळीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला.

"ताण," दादा म्हणाले. "अरे, तसं नाही. कोपऱ्याला कोपरा. ओसाकात काय शिकवलं तुला?"

"पळायला."

"मग आता हळू ये."

तो हळू आला. ते त्याला येतच होतं.