निर्माल्य खायला आलेलं हरीण

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय.

इथे इलिनॉयमध्ये नदी लांब. निर्माल्य कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून मागच्या झाडीत ठेवते. शेवंतीची फुलं, पूजेच्या फळांची सालं. पांढऱ्या शेपटीचं एक मोठं हरीण रोज येऊन खायचं. मला वाटायचं, देवाला पोचलं.

आज शेजारचा बिल त्याला मारून ट्रकमधून घेऊन आला. "थँक यू, मॅम! कधीपासून अशा शिंगांची वाट बघत होतो. तुमच्या फळांनीच त्याला इथे आणलं. डोकं भिंतीवर लावणार."

म्हटलं, "आमच्याकडे गेलेल्यांचे फोटो लावतात, मारलेल्यांची मुंडकी नाही!" निर्लज्ज नुसता हसला.

संध्याकाळची फुलं ताटातच आहेत. खिडकीतून दिसतंय, शिंगं फुटू लागलेलं एक पिल्लू झाडीत येऊन थांबलंय.

तुम्ही निर्माल्य कुठे ठेवता हो?