गोळी घेतल्यावर दिलेला होकार

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर माझी वळकटी टपावर चढवताना, दादा, तू म्हणाला होतास, "एकदाचा सुटलास." कोण कोणापासून सुटलं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. साल त्र्याऐंशी. पुण्यातल्या एका औषध कंपनीत मला एमआरची नोकरी लागली होती. आई रडली नाही. खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "निजताना म्हण हो, सकाळी आपसूक येतं." पाढे पाठ करून घेताना ती हेच सांगायची. आता मला डॉक्टरांपुढे म्हणायची भाषणं पाठ करायची होती.

त्यातलं एक झोपेच्या गोळीचं. शांत झोप, ताजी सकाळ. टाय लावून मी ते घडाघडा म्हणायचो. तुला त्यातलं फुकटचं तेवढं दिसलं. आई रात्री घरभर फिरते, कड्या काढते, पोरं उठतात, सॅम्पल पाठव, असं तू पत्रावर पत्र लिहिलंस. डॉक्टरांना विचार, एवढं एका ओळीत लिहून मी गोळ्या पाठवल्या. तू विचारलं नाहीस. मीही पुन्हा चौकशी केली नाही.

पंच्याऐंशीच्या गणपतीत दोन दिवस आलो. वहिनी कामात होती, म्हणून जेवणं झाल्यावर आईला गोळी मीच दिली आणि आम्ही पडवीत बसलो. मी म्हटलं, पुण्याला चल, दोन खोल्या घेतल्यात. ती लगेच म्हणाली, "येत्ये हो. इथे कुणाचं अडलंय माझ्यावाचून?" शिमगा झाला की न्यायला येईन, असं ठरलं. मग तिची जीभ जड झाली आणि ती निजली.

सकाळी निघताना मी म्हटलं, मग ठरल्याप्रमाणे.

"काय ठरलं?" आईने विचारलं.

तू दारातच उभा होतास. मला वाटलं, तूच तिचे कान भरलेस. तू मला आजही आवडत नाहीस. पण त्या दिवशी तू काही केलं नव्हतंस. मी तोंड फिरवून स्टँड गाठला. शिमग्याला आलो नाही, पुन्हा विचारलंही नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

नंतर सांगलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझं भाषण मध्येच तोडलं. म्हणाले, ही गोळी घेतल्यावर माणूस नीट बोलतो, हसतो, पण बोललेलं मनात ठसत नाही. झोपेत जे पक्कं व्हायचं, ते होत नाही. सकाळी पुष्कळांची पाटी कोरी असते. मी बॅग बंद केली.

परवा तुझं पत्र आलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, धाकट्याने एकदा तरी चल म्हणायला हवं होतं. हे तू मला टोचायला लिहिलंस, आणि ते टोचलं.

श्राद्धाला मी येणार नाही. त्या पडवीत मी विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती, हे आता माझ्याशिवाय कुणाच्याच आठवणीत नाही. माझं घर म्हणून एवढंच उरलंय. झोप मलाही येत नाही. बॅग सॅम्पलांनी भरलेली आहे, पण मी एकही घेत नाही. निजताना "येत्ये हो" एवढंच म्हणतो. सकाळी ते आठवतं.